गोव्यात नव्यानं राहायला आलात? पोदेराचं आणि बेकरीचं गिऱ्हाईक असं व्हा

बदली होऊन, नोकरीसाठी किंवा निवृत्तीनंतर गोव्यात आलेल्या मराठी कुटुंबांना पहिल्या आठवड्यात दोन प्रश्न हमखास पडतात : नळाला पाणी किती वाजता येतं आणि ताजा पाव कुठं मिळतो. पहिल्याचं उत्तर शेजारी देतील. दुसऱ्याचं उत्तर जरा सविस्तर द्यावं लागतं, कारण इथं पाव आणायला जायचं नसतं, तो दारात येतो. तो नीट यावा, ताजा मिळावा आणि रोज मिळावा, यासाठी आपल्याला थोडी तयारी करावी लागते.

पुण्या-मुंबईची सवय म्हणजे दुकानातून कापलेल्या ब्रेडचं पाकीट आणायचं आणि चार दिवस पुरवायचं. गोव्यातला पाव तसा पुरवायचा नसतो. तो बहुतेक ठिकाणी दिवसातून दोनदा भाजला जातो आणि दोनदा विकला जातो. तुम्ही त्या वेळा पकडल्यात आणि आपला आकडा आधी सांगून ठेवलात की निम्मं काम झालं.

आधी हॉर्न ओळखा

पाव विकणाऱ्याला इथं पोदेर म्हणतात. सायकलच्या मागे मोठी बांबूची टोपली, तीवर पावसापाण्यासाठी प्लॅस्टिक, आणि हँडलला रबरी फुग्याचा हॉर्न. पों-पों असा आवाज करत तो वाड्यावाड्यातून फिरतो. हल्ली बरेच जण स्कूटरवरून येतात, पण हॉर्न तोच ठेवतात. सकाळची फेरी उजाडल्यापासून साधारण आठपर्यंत, संध्याकाळची चारनंतर केव्हाही. नेमकी वेळ वाड्यागणिक वेगळी, पण एकदा कळली की ती फारशी बदलत नाही.

मासे विकणारेही हॉर्न वाजवतच येतात, त्यामुळे सुरुवातीला गोंधळ उडतो. दोन-तीन सकाळी खिडकीशी उभं राहून ऐका. मासळीवाली गाडी जरा उशिरा येते आणि तिच्यामागे मांजरं धावतात.

इमारतीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहत असाल तर पोदेर वर येत नाही, गेटपाशी थांबतो. वॉचमनला विचारा, तो वेळ मिनिटासकट सांगेल. खाली उतरायला वेळ लागत असेल तर वरूनच हाक मारा. इथं त्यात कुणाला काही गैर वाटत नाही.

मराठी सगळ्यांना समजते, तरी दोन शब्द कोंकणीतून बोललात तर ओळख लवकर होते. ‘आयज पोयो आसात?’ म्हणजे आज पोया आहेत का. ‘चार उंडे दी’ म्हणजे चार उंडे दे. (पोया आणि उंडे हे पावाचेच प्रकार, ते पुढे येतात.) ‘फाल्यां नाका’ म्हणजे उद्या नको. वयानं मोठा असेल तर ‘बाब’ म्हणा. अनेक बेकऱ्या आता कर्नाटकातून आलेली कुटुंबं चालवतात, त्यामुळे टोपलीवाला मुलगा कानडी, हिंदी आणि कोंकणी मिसळून बोलेल. त्याच्याशी साध्या हिंदीतही चालतं. सुटे पैसे मात्र हातात ठेवा. सकाळी सहा वाजता पाचशेची नोट काढली की त्याची फेरी अडते आणि पुढच्या दहा घरांचा पाव उशिरा पोचतो.

टोपलीत काय काय असतं

नवीन माणूस ‘पाव द्या’ एवढंच म्हणतो आणि त्याला लादीतला मऊ पाव मिळतो. तो चांगलाच असतो, भाजीबरोबर किंवा लोण्याबरोबर खायला तोच लागतो. पण टोपलीत आणखी तीन-चार प्रकार असतात, आणि ज्याचं जे काम ते दुसऱ्यानं होत नाही.

पोई (काही जण पोळी म्हणतात) चपटी, गोल, आतून पोकळ. वरून कोंडा भुरभुरलेला असतो. पूर्वी ती भरड गव्हाच्या पिठाची असे. आता पुष्कळ ठिकाणी मैदाच जास्त आणि कोंडा नुसता वर लावलेला. ओळखायची रीत सोपी आहे : पोई मधून फाडा आणि आतली बाजू बघा. आत पांढरीशुभ्र असेल तर मैदा. करडी, ठिपक्याठिपक्यांची असेल आणि गव्हाचा वास येत असेल तर घ्या, आणि तो पोदेर सोडू नका. पोकळ असल्यामुळे पोईत काहीही भरता येतं. अळसांद्याचं (चवळीचं) टोणाक म्हणजे रस्साभाजी, अंड्याची पोळी, सुकी बटाट्याची भाजी. मधुमेह आहे म्हणून कुणी ‘पोई खा’ सांगितलं असेल, तर आधी ती खरी गव्हाची आहे का ते बघून घ्या.

उंडो गोल, वरून कडक, आतून जाळीदार. रस्सा शोषायला याच्यासारखा दुसरा पाव नाही. संध्याकाळी गाड्यावर रोस ऑम्लेट खाल, तेव्हा पाव मागताना उंडो आहे का विचारा. ऑम्लेटवर ओतलेला झणझणीत रस्सा मऊ पावाचा लगदा करतो, उंड्याची कडा मात्र शेवटपर्यंत टिकते.

कातरे पाव फुलपाखराच्या आकाराचा, पिठाला काप देऊन केलेला. कडा कुरकुरीत असतात, मुलांना तो आवडतो. आणि कांकणं : बांगडीसारखी गोल, कडक, खुसखुशीत. चहात बुडवून खायची. ज्यांना सकाळी भूक नसते पण पोटात काहीतरी हवं असतं त्यांनी कांकणं घेऊन ठेवावीत. घट्ट झाकणाच्या डब्यात ती काही दिवस राहतात. बाकी काहीही साठवू नका, कांकणं साठवा.

हे सगळे प्रकार रोज प्रत्येकाकडे नसतात. उंडे आणि कांकणं लवकर संपतात. हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा.

आकडा बांधून घ्या

सगळ्यात महत्त्वाचं हेच. चार-पाच दिवस घेऊन बघितलंत, चव पटली, की पोदेराला सांगा : रोज सकाळी इतके पाव, इतक्या पोया. तो डोक्यात ठेवतो. मग रोज दारात उभं राहावं लागत नाही. गेटला किंवा दाराच्या कडीला एक कापडी पिशवी अडकवून ठेवा, तो त्यात पाव टाकून जातो. आमच्या वाड्यावर एका आजींच्या गेटला दोन पिशव्या असतात, एक मोठी आणि एक छोटी. मोठीत घरचा पाव. छोटीत दोन उंडे, ते शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजोबांचे. त्यांना गेटपर्यंत यायला जमत नाही, म्हणून उन्हं वर यायच्या आत आजींचा नातू ती पिशवी पोचवतो. पोदेराला हे कुणी लिहून दिलेलं नाही. त्याला ठाऊक आहे.

पैसे रोखीनं रोज देता येतात किंवा महिन्याचे एकदम. महिन्याचं ठेवलंत तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहा. ज्या दिवशी पाव घेतला नाही त्या चौकोनात फुली मारा. हिशेबावरून कधी वाद होत नाही, कारण दोघांकडे नोंद असते. मोबाइलवरून पैसे घेणारेही पुष्कळ आहेत.

यात आपली एक जबाबदारी आहे. गावाला जाणार असाल तर आदल्या दिवशी सांगा. पोदेर संध्याकाळी बेकरीत उद्याचा आकडा सांगतो, त्याप्रमाणे पीठ मळलं जातं. तुम्ही न सांगता दार लावून गेलात तर तुमचे आठ पाव त्याच्या टोपलीत परत जातात आणि शिळे होतात. एका पावात सुटणारे पैसे आधीच थोडे, त्यात हे नुकसान. पाहुणे येणार असतील तरी आदल्या दिवशीच सांगा. चतुर्थीच्या दिवसांत आणि गावच्या फेस्ताच्या (चर्चच्या जत्रेच्या) आठवड्यात तर दोन दिवस आधी, कारण तेव्हा अर्ध्या गावाकडे पाहुणे असतात. व्रताच्या दिवशी पाव न घेणारी घरंही आहेत. तुमच्याकडे तसं असेल तर ते दिवस महिन्याच्या सुरुवातीलाच सांगून टाका.

एकदा भट्टी बघून या

पोदेराला त्याची बेकरी कुठं आहे विचारा आणि एखाद्या दुपारी, संध्याकाळचा पाव निघायच्या वेळी, तिथं जा. मालकाला विचारून आत डोकवा. बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत, फक्त कामाच्या वाटेत उभं राहायचं नाही.

जुन्या पद्धतीची भट्टी घुमटाची असते. आत लाकडं पेटवून ती तापवतात, मग निखारे बाजूला सारून, राख झाडून, तापलेल्या जमिनीवरच पाव टाकतात. लांब दांड्याचं लाकडी फावडं असतं. त्यावर पाव ठेवायचा, आत सरकवायचं, आणि फावडं झटक्यात मागं ओढायचं. पाव जागच्या जागी राहतो. ही हातोटी यायला वेळ लागतो. काही मिनिटांत पोई फुगते, आणि बाहेर काढल्यावर तिचा फुगा हळूहळू बसतो. उंड्याच्या तळाला जमिनीची खूण असते, कुठं थोडी राख, कुठं करडा डाग. हा डाग बघून पाव करपला म्हणून परत करू नका.

गोव्यात पावाची सुरुवात पोर्तुगीजांबरोबर झाली. त्यांनी १५१० मध्ये गोवा घेतला. पीठ फुगवायला इथं यीस्ट नव्हतं, तेव्हा माडाची सूर (माडी) वापरली जाऊ लागली. दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातल्या माजोर्डा गावात जेझुइट पाद्र्यांनी स्थानिक लोकांना पाव भाजायला शिकवलं आणि तिथून हा धंदा गोवाभर पसरला, असं सांगितलं जातं. आता बहुतेक बेकऱ्या तयार यीस्ट वापरतात, सूर घालणारी बेकरी क्वचित सापडते. तशी सापडली तर पावाला किंचित आंबूस गोडसर वास असतो. लाकूड महाग झालं, रात्रभर जागणारे हात मिळत नाहीत, घरची मुलं दुसऱ्या नोकरीला लागली, म्हणून जुन्या भट्ट्या बंद पडत चालल्या आहेत किंवा भाड्यानं दिल्या जात आहेत. तुमच्या गावात एक जरी चालू असेल तर तिथूनच पाव घ्या. तिला सुपरमार्केटच्या पाकिटापेक्षा तुमच्या रोजच्या आठ पावांची गरज जास्त आहे.

बनची बशी

पावाइतकीच इथली दुसरी सवय म्हणजे सकाळी हॉटेलात जाऊन बन-भाजी. पिकून काळं पडलेलं केळं कुस्करून त्यात साखर, दही, जिरं आणि सोडा घालायचा, मैदा मळून ते रात्रभर ठेवायचं आणि सकाळी जाडसर पुऱ्या लाटून तळायच्या. बन गरम असताना टम्म फुगलेला, तांबूस तपकिरी, आतून मऊ आणि जरा ओढला की तंतू सुटणारा असतो. गोडसर बन आणि तिखट पातळ भाजी, सोबत चहा. डोनट खाऊन कंटाळलेल्या मुलांना एकदा हे देऊन बघा.

पणजीत कॅफे तातो १९१३ पासून आणि कॅफे भोसले १९२० पासून आहे. दोन्हीकडे सकाळी गर्दी असते, टेबल वाटून घ्यावं लागतं. अनोळखी माणसासमोर बसायला संकोच करू नका, इथं तीच पद्धत आहे. पण बन खायला पणजीलाच जायला हवं असं मुळीच नाही. फोंडा, म्हापसा, डिचोली, काणकोण, कुठल्याही बाजारात चार टेबलांचं जुनं हॉटेल असतं. वेळ मात्र पाळा : साडेआठच्या आत. दहा वाजता मिळणारा बन सकाळीच तळून ठेवलेला असतो, आणि थंड बन तेलकट लागतो. ऑर्डर देताना ‘गरम आसा?’ एवढं विचारा. गरम नसेल तर हॉटेलवाला स्वतःच सांगतो, दहा मिनिटं थांबा, घाणा पडतोय. थांबा.

बेकरीचं काचेचं कपाट

पावाच्या भट्टीखेरीज गावोगावी केक-पॅटीस विकणाऱ्या बेकऱ्या असतात. पणजीत म्युनिसिपल गार्डनजवळची मिस्टर बेकर १९२२ पासूनची, फोंताइन्यस या जुन्या वस्तीत ३१ जानेवारी रस्त्यावर कॉन्फेतारिया नावाची बेकरी. तुमच्या गल्लीतली बेकरी एवढी जुनी नसेल, पण कपाटात काय आहे ते साधारण सारखंच असतं : पॅटीस, क्रोकेट (खिम्याचा तळलेला रोल), क्रीम रोल, बातिक नावाचा रवा-नारळाचा केक, बोलिन्हास ही नारळाची बिस्किटं, आणि हल्ली डोनट.

शाकाहारी असाल तर इथं नीट विचारून घ्या. पॅटीस व्हेज, चिकन किंवा बीफ असतो आणि तिन्ही दिसायला सारखेच. चोरिस पाव म्हणजे डुकराच्या मांसाचा. क्रोकेट बहुतेक बीफचा. केकात आणि काही डोनटांत अंडं असतं. ‘व्हेज आहे ना?’ असा प्रश्न विचारला तर अंडं असलेलंही व्हेज म्हणून सांगितलं जाऊ शकतं, म्हणून ‘अंडं आहे का?’ हे वेगळं विचारा. एकाच चिमट्यानं सगळं उचललं जातं. तुम्हाला ते चालत नसेल तर गर्दी नसताना जा आणि वेगळा चिमटा मागा. विनंती केली तर देतात.

डोनट घेताना त्याच्या पोटावर बघा. यीस्टचा डोनट नीट फुगलेला असेल तर तेलात तरंगतो, आणि दोन्ही बाजूंनी तळल्यावर मधोमध फिकट रंगाचा पट्टा राहतो. तो पट्टा नसेल तर पीठ पुरतं फुगलेलं नव्हतं आणि डोनट जड लागेल. बोटानं हलकं दाबून बघायची परवानगी नसते, म्हणून वजनावरून अंदाज घ्या : हातात हलका वाटायला हवा. साखरेचा लेप कोरडा आणि किंचित चकचकीत असेल तर आजचा. लेपाला पाणी सुटलं असेल, कागदाला चिकटत असेल, तर एक तर तो कालचा आहे किंवा हवा दमट आहे. गोव्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की दुपारपर्यंत सकाळच्या डोनटचाही लेप वितळतो. पावसाळ्यात लेपाचा डोनट घेऊच नका. साधा, दळलेल्या साखरेत घोळवलेला घ्या, आणि साखर खायच्या वेळी घोळवून मिळत असेल तर फारच उत्तम. क्रीम भरलेला असेल तर तो फ्रीजमध्ये ठेवलेला हवा. काउंटरवर उघडा पडलेला क्रीमचा डोनट उन्हाळ्यात कुणीही घेऊ नये.

परवान्याचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक दुकानात लावलेला असायला हवा, एकदा बघून ठेवा. गरम पॅटीस वर्तमानपत्राच्या कागदात बांधून देत असतील तर नको म्हणा, छपाईची शाई खाण्यात उतरते. डबा घेऊन गेलात तर प्रश्नच मिटतो.

घरी आणल्यावर

पाव फ्रीजमध्ये ठेवू नका. फ्रीजच्या थंडाव्यात पावातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि तो बाहेरच्यापेक्षा लवकर कडक बनतो. लगेच खाणार नसाल तर फ्रीझरमध्ये ठेवा, तिथं तो चांगला राहतो. उंडो आणि कातरे पाव प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले की वाफेनं त्यांची कड चिवट होते, ते सुती कापडात गुंडाळा. लादी पाव मात्र झाकणाच्या डब्यात ठेवला तरी चालतो. पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी बुरशी येऊ शकते. ठिपका दिसला तर तेवढाच भाग काढून बाकीचा खाऊ नका, अख्खा पाव टाका, कारण बुरशीचे धागे आत पसरलेले असतात.

सकाळचा पाव संध्याकाळी कडक झाला तर हात ओला करून त्यावर फिरवा, तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये तो क्षणभर मऊ होतो आणि गार झाला की दगडासारखा.

तक्रार करायची तर

कधी पाव आतून कच्चा निघतो, कधी आकडा कमी भरतो, कधी काल उरलेला पाव आजच्यात मिसळलेला असतो. दुसऱ्या दिवशी दारात गेल्यावर सरळ सांगा, पण एकट्याला गाठून. चार गिऱ्हाइकांसमोर आवाज चढवलात तर पाव बदलून मिळेल, ओळख मात्र तुटेल. शिल्लक असेल तर खराब पाव दाखवा. तो बेकरीत जाऊन सांगतो, आणि बहुधा बदलून देतो. शिळा पाव वारंवार येत असेल तर टोपलीवाल्याशी न बोलता थेट बेकरीत जा. वाटणारा मुलगा पगारी असतो, पाव त्यानं भाजलेला नसतो.

भाव वाढला की नवीन माणसाला आपल्याला फसवतायत असं वाटतं. पावाचा भाव साधारण गावभर एकाच वेळी वाढतो. शेजाऱ्याला विचारून खात्री करा आणि द्या.

नाताळाची ऑर्डर

डिसेंबरात बेकऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. केक, दोदोल (गूळ-नारळाची मऊ मिठाई), बोलिन्हास किंवा बेबिंका ही थरांची मिठाई हवी असेल तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सांगा आणि थोडी आगाऊ रक्कम द्या. बेबिंकाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ती एकेक थर वरून भाजत करायची असते. एक थर भाजून झाल्याशिवाय दुसरा ओतता येत नाही, त्यामुळे घाईत होत नाही आणि स्वस्तही मिळत नाही. घेताना कापलेली बाजू बघा : थर वेगवेगळे दिसायला हवेत, आणि वास तूप, नारळाचं दूध आणि जायफळाचा यायला हवा. घरच्या घरी बेबिंका करून विकणाऱ्या बायका गावोगावी असतात. त्यांची माहिती तुमच्या पोदेराकडे नक्की असते, कारण त्यांच्याही दारात तो रोज जातो.

महाराष्ट्रात न्यायची असेल तर चोवीस तारखेच्या गर्दीआधी उचला, पूर्ण गार होऊ द्या, मग बटर पेपरात गुंडाळून डब्यात भरा. गरम असताना बांधलेल्या बेबिंकाला पाणी सुटतं.